सरकीचे तीन दाणे

एकदा तालुक्याहून एक साहेब आला आणि सहज विचारून गेला, “काल रात्री तुमच्याकडे पाऊस झाला म्हणे?” बोळेमास्तर चष्मा पुसत म्हणाले, “सकाळी उठलो तेव्हा जमीन ओली होती. एवढंच मी पाहिलं. पाऊस पाहिला नाही.” साहेबाला वाटलं, माणूस आपली चेष्टा करतोय. आम्ही बाया बांधावर भाकरी खात बसलो होतो, आम्हाला हसू आवरेना. मास्तर मात्र चेष्टा करत नव्हते. त्यांनी पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं, वहीत लिहिलं आणि पुढे कंसात टाकलं, ‘प्रत्यक्ष पाहिला नाही’. त्या वर्षी तेवढाच काय तो पाऊस झाला, हेही सांगून टाकते.

आमच्या सहकारी संघाचं बियाण्याचं शेत शिरूर कासारच्या अलीकडे, सिंदफणेच्या काठाला होतं. काठाला आपलं म्हणायचं. नदीला पाणी असेल तर तिला काठ. सभासदांना चांगलं देशी कपाशीचं बी मिळावं म्हणून संघाने ते शेत घेतलं होतं, आणि त्याच्यावर देखरेखीला मास्तर होते. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून मास्तर. आणि कपाशीच्या कोवळ्या रोपांच्या डोक्यावर औषधात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवत फिरत, म्हणून बोळेमास्तर. खरं नाव संघाच्या हजेरीपटातच राहिलं.

मी तिथे बहात्तरच्या दुष्काळात लागले. मॅट्रिक पास होते, पण दुष्काळाला मॅट्रिक आणि अंगठा सारखाच. नवरा खडी फोडायला, सासू घरी आणि मी भेसळ काढायला. बियाण्याच्या शेतात एका जातीची झाडं हवीत. त्यात एखादं वेगळ्या पानाचं, वेगळ्या उंचीचं, वेगळ्या फुलाचं आलं की ते भेसळ, मुळासकट उपटायचं. दिसायला सोपं, पण सगळं हिरवं असताना एक निराळं हिरवं हेरायचं म्हणजे डोळ्याला फोड येतो. मास्तर आम्हाला ओळीच्या तोंडाशी उभं करून विचारत, “यातलं परकं कोण?” सांगता आलं नाही तर रागवत नसत. स्वतः खाली बसत आणि आपल्यालाही बसवत. “उभ्यानं माणसं ओळखू येतात, झाडं बसल्यावर,” असं म्हणत. मी महिन्याभरात तयार झाले. इतकी, की संघाने मला बायांच्या टोळीवर मुकादम केलं आणि मास्तर येईल त्याला सांगू लागले, “सुमनबाईंच्या नजरेतून भेसळ सुटत नाही.” मला केवढा ताठा चढला होता म्हणून सांगू. तो ताठा पुढे मला चांगलाच भोवला.

शेताच्या एका कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा तुकडा होता. तिथे ते जे करत त्याला संघातले लोक मास्तरांचा खेळ म्हणत. कुणा ओळखीच्याकडून त्यांनी आफ्रिकेतल्या रानकापसाचं बी मिळवलं होतं. काटकुळं झुडूप, बोंड वाटाण्याएवढं, आत चिमूटभर तपकिरी लव. त्याचा कापूस कुणी फुकट घेतला नसता. पण ते पाण्यावाचून जगे, आणि त्यावर मावा नाही की तुडतुडा नाही. मास्तरांच्या मनात होतं, या रानट्याची आपल्या देशी कपाशीशी सोयरिक करायची. आष्टी-शिरूरच्या माळाला आभाळाकडे बघावं न लागणारी कपाशी द्यायची. सोयरिक त्यांनी केलीही. संकराची झाडं उगवली, वाढली, फुलली. पिवळं फूल यायचं, दुसऱ्या दिवशी लालसर व्हायचं, तिसऱ्या दिवशी गळून पडायचं. आठ वर्षं एकाही फुलाचं बोंड झालं नाही.

“कावून होत न्हाई?” असं मी एकदा विचारलं. मास्तर खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, “फुगडी खेळता ना तुम्ही पंचमीला? समजा, तेरा बाया या गावच्या आणि तेरा त्या गावच्या. एकमेकींना कुणी ओळखत नाही. कुणी कुणाचे हात धरणार? झाडाच्या आत तशी गुणसूत्रं असतात. तेरा देशी, तेरा रानटी. जोडी जमत नाही, म्हणून फुगडी होत नाही. फुगडी नाही म्हणून बी नाही.” मी म्हटलं, “मग तुमचा बोळा काय करतो?” “बोळ्यातलं औषध एकीच्या दोघी करतं. प्रत्येकीला तिची जुळी बहीण मिळते. मग ओळख लागत नाही. सव्वीसच्या बावन्न झाल्या की फुगडी आपसूक.” मी घरी जाऊन सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “लई शाना माणूस हाय. पण बायकूला सोडून झाडांच्या फुगड्या कावून बघतो?” मास्तरांची बायको अंबाजोगाईला मुलीच्या शाळेपायी राहायची, आणि मास्तर शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत.

बोळा ठेवलेल्या रोपांना ते आधी पत्र्याच्या चिठ्ठ्या बांधत. दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, आणि मास्तरांनी आपल्या तुकड्याचं पाणी पार बंद केलं. पाण्यावाचून कोण टिकतं हेच तर त्यांना बघायचं होतं. आमच्या बायांना ते बघवेना. चिठ्ठी बांधलेलं झाड म्हणजे मास्तरांचं लाडाचं, हे सगळ्यांना ठाऊक. कुणी आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी जाता जाता ओतायची, कुणी भाकरीचे हात तिथेच धुवायची. मीही ओतलं. मास्तर रोज बघत आणि वहीत लिहीत, ‘पाण्याशिवाय तग धरून’. एक दिवस त्यांनी एका बुडाशी ओली माती पाहिली. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “बायांनो, स्वतःच्या घशातलं काढून घातलंत. पण आता मला काय कळणार, झाड कशानं जगलं?” त्यांनी वहीतली तीन महिन्यांची पानं आमच्यादेखत आडव्या रेघा मारून रद्द केली. तेव्हापासून चिठ्ठी बांधणं सोडलं. कुठलं झाड कोणतं ते फक्त त्यांच्या डोक्यात आणि वहीत.

दुसऱ्या वर्षीही पावसाने ओढ दिली, तेव्हा संघाचे चेअरमन स्वतः शेतावर आले. भला माणूस होता, त्यांना नावं ठेवणार नाही. माजलगावला धरण होणार, ऊस येणार, कारखाने निघणार, अशी तेव्हा हवा होती. संघालाही उसाचं बेणं तयार करून ठेवायचं होतं. चेअरमन मास्तरांच्या वाळक्या तुकड्याकडे बघून म्हणाले, “मास्तर, लोक हंडाभर पाण्याला महाग झालेत. आन् तुमी आठ वर्षं बी न धरनाऱ्या झाडांमागं हाव. मी सभेला काय सांगू?” मास्तर म्हणाले, “या सुगीपर्यंत थांबा.” “थांबतो. मला एक बोंड दाखवा, सरकी असलेलं. एकच. न्हाई तर हे बंद, आन् तुमी जिनिंगला वजनाच्या काट्यावर.” तुकडा मात्र त्यांनी तेव्हाच बेण्यासाठी काढून घेतला. संकराची जुनी झाडं त्या महिन्यात वाळून गेली. उरली फक्त खोलीतल्या डब्यांमधली संकराची नवी अकरा रोपं.

औषधाची बाटलीही संपली होती. नवी मागवायला संघ मंजुरी देईना. मग मास्तर डोंगरात गेले आणि कळलावीचे कंद खणून आणले. बोळ्यातलं औषध ज्या जातीचं, त्याच जातीचं विष या कंदात असतं म्हणे. आमच्या बाया हबकल्या. कळलावी घरात आणली की घरात भांडणं लागतात, हे पोरीसोरींनाही माहीत. मास्तर म्हणाले, “माझ्या घरात भांडायला आहे कोण?” त्यांनी कंद ठेचून, उकळून, गाळून काढा केला आणि आम्हाला भांड्याजवळ फिरकू दिलं नाही. अकरा रोपांच्या डोक्यांवर अकरा बोळे ठेवले. पुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. तुकडा गेला म्हणून त्यांनी ती अकरा रोपं गुपचूप आमच्या बियाण्याच्या शेतात, देशी कपाशीच्या ओळींत मधे मधे लावून टाकली. चेअरमनला सांगितलं नाही, ते ठीक. मलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी पाणी घातलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीच्या पुढेमागे आष्टीकडे पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि हजेऱ्या घ्यायला माणसं कमी पडली, म्हणून संघाची माणसं उचलून धाडली. त्यांत मास्तरही गेले, दोन महिन्यांसाठी. ते गेल्यावर दीडेक महिन्याने कचेरीतून निरोप आला, वेचणी लवकर उरकायची आहे, भेसळीची शेवटची फेरी घेऊन टाका. मी टोळी लावली. सातव्या ओळीत मला ते दिसलं. गुडघ्याच्याही खाली, बुटकं. पान जाड आणि काळसर, शेजारच्या झाडांत मुळीच न बसणारं. मी बसले, जसं शिकवलं होतं तसं बसून बघितलं. एक बोंड होतं, बारकं, हिरवं. पान बोटांत धरून बघितलं. मनात म्हटलं, काय हे ध्यान, बाकीच्यांच्या नजरेतून सुटलं होतं बरं. आणि दोन्ही हातांनी धरून मुळासकट उपटलं. त्या दिवशी फेरीत दुसरी भेसळ निघालीच नाही. मला वाटलं, मास्तर आल्यावर शाबासकी देतील.

उपटलेली झाडं बांधाबाहेर मुळं वर करून ठेवायची आणि वाळली की बायांनी सरपणाला वाटून घ्यायची, अशी आमची रीत होती. हे एकच होतं, तर मीच नेलं.

मास्तर परत आले ते पिशवी खांद्यावरून न उतरवता सरळ सातव्या ओळीत गेले. मी मागे मागे. अकरातली दहा रोपं आधीच वाळली होती आणि उरलेल्या एकाच्या भरवशावर हा माणूस दोन महिने हजेऱ्या घेत होता, हे मला काय माहीत? ते एका जागी थांबले. “इथं एक झाड होतं, सुमनबाई.”

मी फुशारकीने म्हटलं, “व्हतं की. भेसळ व्हती. मीच काढली.”

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. त्यांनी विचारलं, “कसं ओळखलं?”

“बुटकं व्हतं. पान जाड, काळपट.”

“जाड? हाताला जाड लागलं?”

“लागलं ना. दुप्पट.”

“आणि बोंड?” हे विचारताना त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“एक व्हतं. बारकं.”

मास्तर ढेकळावर बसले. मला म्हणाले, “मी गेलो तेव्हा नुसती कळी होती. बोंड मी पाहिलं नाही.” मग त्यांनी मला सगळं सांगितलं, एकीच्या दोघी झाल्या की पान असं जाड येतं हेही. मी रडायला लागले. “मास्तर, मला शिव्या द्या,” म्हटलं. ते म्हणाले, “कशाला? तुम्ही बरोबर काढलं. मी शिकवलं तस्संच काढलं. खूण मी बांधली नाही. सरपण कुणाकडं गेलं?”

आम्ही घरापर्यंत जवळजवळ पळत गेलो. सासूबाई दारात बसून डाळ निवडत होत्या. द्वारकाबाई त्यांचं नाव, गावात कुणाला भीत नसत. चुलीपुढे त्या झाडाचं एक काडूकही नव्हतं. परवाच चहाला जळालं होतं. मी विचारलं, “आत्याबाई, त्या झाडाला एक बोंड व्हतं बघा.”

“व्हतं. उन्हानं आपसूक उकललं. कापूस जाळीत नसत्यात, म्हणून काढून घेतला. त्याची एक वात झाली, तीबी मातकट रंगाची. देवापुढं लावावी का न्हाई म्हणून ठिवली हाय तशीच.”

मास्तर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. “बाई, त्यात सरकी होती का?”

“व्हती की. तीन दाणे.”

“पोचट?”

“पोचट कावून? एक मी दाताखाली फोडून बघितला. पांढरा गर निगाला, तेलाचा. मग दोन शेळीला टाकले.”

मास्तरांनी त्यांना ते तीनदा सांगायला लावलं. किती दाणे, कसा गर, कोणत्या दाताने फोडला. मग त्यांनी वाकून सासूबाईंच्या पायाला हात लावला. सासूबाई गडबडून मागे सरकल्या, “अगं बया, हे काय करता?” मास्तर हसत होते. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. “फुगडी झाली, सुमनबाई,” ते म्हणाले, “आठ वर्षांनी झाली.” मी पदरात तोंड घालून रडत होते. एवढं झालेलं असून हातात काहीच नाही, हे मला सोसेना. पुढचे दोन दिवस मास्तर आमच्या गोठ्यात बसून शेळीच्या लेंड्या फोडत होते. गावाने तोंडावर हात ठेवून बघितलं. एकही दाणा सापडला नाही. ती वात मात्र त्यांनी मागून घेतली.

सभेच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मी येते आणि माझ्या तोंडाने सांगते. ते म्हणाले, “तुम्ही घरी राहा. काय सांगायचं ते मी सांगतो.” मी घरी राहिले. खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं. मुकादमाचं काम गेलं असतं तर मी खडीवर गेले असते, आणि तेव्हा माझ्या पोटात थोरला होता. मास्तर सभेत एवढंच म्हणाले, “बोंड दाखवता येत नाही.” चेअरमनने शब्द दिला होता, तो पाळला. महिन्याभरात मास्तर जिनिंगच्या काट्यावर गेले. जाताना पत्र्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. “भेसळ काढत राहा,” म्हणाले, “पण काढायच्या आधी एकदा विचारा, हे कुणाचं आहे का.” मी पुढे कितीतरी वर्षं बायांच्या टोळ्या तयार केल्या, आणि हे वाक्य सांगितल्याशिवाय एकीलाही ओळीत उतरू दिलं नाही. कुणाचं वाक्य ते सांगितलं. कशावरून म्हणाले ते कधीच सांगितलं नाही.

काट्यावर मी त्यांना दोन-तीनदा भेटले. कापसाच्या गाड्यांची रांग, धूळ, गाडीवानांची ओरड, आणि त्यात मास्तर चष्मा पुसत वजन बघताहेत, दोनदा बघितल्याशिवाय लिहीत नाहीत. गाडीवान चिडायचे, “मास्तर, लिवा की लौकर.” मी विचारलं, “पुन्हा करता येणार न्हाई का ते?” म्हणाले, “येईल. कुणीतरी करेल. होतं, एवढं कळलं ना आपल्याला.” आपल्याला म्हणाले. नोकरी संपल्यावर ते अंबाजोगाईला गेले आणि तिथेच वारले. मला पंधरा दिवसांनी कळलं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी घर शोधत आली. आता तीही पिकल्या केसांची झालेली. वडिलांच्या वह्या कुणाला द्याव्या कळेना, पण एका वहीवर माझं नाव होतं, म्हणून घेऊन आली. ती गेल्यावर मी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ती मातकट वात खळीने चिकटवलेली होती. खाली त्यांचं बारीक, सरळ अक्षर:

‘ओळ सात, झाड अकरावे. बुटके. पान जाड, काळसर. बोंड एक. पाहिले : सुमनबाई. सरकी तीन, भरलेली. पाहिली : द्वारकाबाई, एक दाताने. मी स्वतः पाहिले नाही. तरी लिहितो.’

मी तिथेच थांबले. पावसाला पाऊस न म्हणणाऱ्या माणसाने आमच्या शब्दावर, माझ्या अडाणी सासूच्या दातावर विश्वास ठेवून आयुष्यातली सगळ्यात मोठी नोंद केली होती. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मग काय, खोटं सांगितलं व्हतं का मी?

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ‘झाड जाण्याचे कारण : दुष्काळ.’ पुढे कंस नव्हता. पुढे काहीच नव्हतं.

ती ओळ मी कितीदा वाचली कोण जाणे. मास्तरांच्या सगळ्या वह्यांत तेवढी एकच नोंद खोटी, आणि ती माझ्यासाठी. नातवाच्या दप्तरातून पेन घेतलं. ‘दुष्काळ’वर काट मारली नाही, तोही तिथे होताच. त्याच्या पुढे, त्यांच्यासारखं जमेल तेवढं सरळ लिहिलं, ‘मी उपटले. सुमन. स्वतः पाहिले.’